कोडमध्ये मराठी मजकूर: भाषा, एडिटर आणि टूल्स आधी कशी तपासून घ्यायची

भाषा कुठली चांगली, एडिटर कुठला चांगला यावर प्रोग्रामर मंडळी रात्रभर बोलू शकतात आणि मलाही ते बोलायला आवडतं, पण माझा निकष आता अगदी साधा झालाय: मराठी मजकूर दिला तर हे टूल काय करतं? इंग्रजी मजकूर सगळेच नीट हाताळतात, त्यावरून काहीच कळत नाही. काना, वेलांटी, जोडाक्षर समोर आलं की मग कळतं की टूल बनवणाऱ्याने मजकूर या गोष्टीचा किती विचार केलाय. आणि आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं बोललं जातं, की डेटाच घाण आहे, मराठीत सर्च नीट चालतच नाही वगैरे. डेटात गडबड असते हे खरं, पण ती कुठली आणि किती हे मोजता येतं आणि बरीचशी दुरुस्तही होते. ते कसं करायचं ते लिहितोय.

आधी एक कसोटीची फाइल बनवा. साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे आकडे बाइटमध्ये साठवायची पद्धत) सेव्ह केलेली, एका ओळीवर एक शब्द. माझ्या फाइलमध्ये हे शब्द असतात: मराठी, क्षत्रिय, शेतकऱ्यांना, शेतकर्‍यांना (दिसायला तोच, पण आतून वेगळा, कारण पुढे येतंय), आचाऱ्यांना, आचार्यांना, ॲप, अॅप, ऍप, कॉलेज, काॅलेज, दुःख, दु:ख, कासव, काहूर, काळ, आणि शेवटी १२३. एवढंच. नवीन भाषा, नवीन लायब्ररी, नवीन एडिटर, काहीही हातात घेतलं की पहिल्यांदा ही फाइल त्याच्यातून काढायची.

आता मोजायचं काय. मराठी हा शब्द तीन प्रकारे मोजता येतो आणि तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. आपण माणसं मोजतो तेव्हा म, रा, ठी अशी ३ अक्षरं. युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांना आकडे देणाऱ्या प्रमाण तक्त्याच्या हिशोबाने ५ कोडपॉइंट, कारण म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी हे सगळे स्वतंत्र आकडे आहेत. आणि फाइलमध्ये डिस्कवर बघाल तर १५ बाइट, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो. क्षत्रिय घेतलं तर ८ कोडपॉइंट आणि २४ बाइट, म्हणजे क, हलंत, ष, त, हलंत, र, ऱ्हस्व वेलांटी, य. ही वेलांटी कागदावर आधी दिसते पण साठवताना र च्या नंतर असते, हेही लक्षात ठेवा.

ही मांडणी अशी का आहे याला इतिहास आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणायचं जिस्ट नावाचं काम होतं, त्यातून इस्की नावाचं कोडिंग आलं, भारतीय मानक ब्युरोने ते १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून प्रमाण केलं. युनिकोडने देवनागरीचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून उचलला. इस्कीचा विचार असा होता की ब्राह्मीतून आलेल्या सगळ्या लिप्यांना एकच तक्ता, आणि उच्चाराप्रमाणे साठवायचं, दिसायचं कसं ते फॉन्टने बघायचं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळेच आज क्ष साठी वेगळा कोड नाही, आणि हजारो जोडाक्षरं १२८ जागांच्या एका ब्लॉकमधून तयार होतात. पण याचा अर्थ असा की एक अक्षर म्हणजे एक आकडा ही समजूत ज्या टूलने धरली ते टूल मराठीत चुकणार.

भाषांकडे वळू.

पायथॉन ३ मध्ये लेन फंक्शनला मराठी दिलं की ५ येतं, म्हणजे ते कोडपॉइंट मोजतं. जावास्क्रिप्टची लेंथही ५ सांगते, पण ती यूटीएफ-१६ चे तुकडे मोजते, देवनागरीला एक तुकडा पुरतो म्हणून आकडा जुळतो, इमोजी आला की जुळत नाही. गो आणि रस्टमध्ये लेन १५ सांगते, म्हणजे सरळ बाइट, आणि दोन्हीत कोडपॉइंट हवे असतील तर वेगळं मागावं लागतं, गोमध्ये त्याला रून म्हणतात, रस्टमध्ये कॅर. स्विफ्ट एकटी अशी मोठी भाषा आहे की जिथे काउंट विचारलं की ३ उत्तर येतं, कारण तिथे कॅरेक्टर या प्रकाराची व्याख्याच माणसाला दिसणारं अक्षर अशी केलीये, युनिकोडवाले त्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात. रस्टच्या अधिकृत मार्गदर्शिकेत हे सगळं समजवायला नमस्ते हाच शब्द घेतलाय, १८ बाइट, ६ कोडपॉइंट, मला हे बघून बरं वाटलं होतं की कुणीतरी आपल्या लिपीवरून शिकवतंय.

मग कुठलं मोजायचं? मी असं ठरवलंय: नेटवर्क किंवा डिस्कची जागा बघायची असेल तर बाइट, शोधणं आणि बदलणं कोडपॉइंटवर, आणि जे काही माणसाला दिसणार आहे, म्हणजे शीर्षक कापणं, उरलेली अक्षरं दाखवणं, शब्द उलटा करणं, पहिल्या अक्षराचा गोल लोगो बनवणं, ते सगळं ग्राफीमवर. नावाची पहिली २० अक्षरं दाखवायची म्हणून कोडपॉइंटवर कापलं तर शेवटी पाय मोडलेला क् उरतो, नाहीतर शेवटचा काना गळून राजा चं राज होतं. बाइटवर कापलं तर शेवटी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह येतं. आणि सुटी वेलांटी पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला गेली तर ती ठिपक्यांच्या गोलावर बसलेली दिसते, तो गोल दिसला की समजायचं की कुणीतरी अक्षराच्या मधोमध कात्री चालवलीये.

ग्राफीमसाठी जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर आहे, आता सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतो, बाहेरची लायब्ररी लागत नाही. रुबीमध्ये स्ट्रिंगलाच ईच ग्राफीम क्लस्टर अशी मेथड आहे. जावात ब्रेक इटरेटर. रस्टमध्ये युनिकोड सेगमेंटेशन नावाचं क्रेट. पायथॉनमध्ये रीजेक्स नावाचं पॅकेज पिपने टाका, त्यात उलटी रेघ आणि मोठा एक्स लिहिलं की एक आख्खं अक्षर मिळतं.

एक भानगड इथे लक्षात ठेवा. युनिकोड १५.१ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली, तिच्यात जोडाक्षर हलंतानंतर तोडू नये असा नियम देवनागरीसाठी आला. त्याआधीच्या नियमाने क्षत्रिय ची अक्षरं क्, ष, त्, रि, य अशी ५ होत होती, नवीन नियमाने क्ष, त्रि, य अशी ३. म्हणजे दोन लायब्ऱ्यांनी वेगळी उत्तरं दिली तर एक बिघडलीये असं लगेच समजू नका, आधी कुठली युनिकोड आवृत्ती धरलीये ते डॉक्युमेंटेशनमध्ये बघा.

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात नमुना देऊन शोधायची पद्धत, हा भाग मात्र सगळ्यात जास्त वेळ खातो म्हणून नीट वाचा. शब्द शोधायचे म्हणून सगळेजण सवयीने उलटी रेघ, डब्ल्यू आणि अधिकचं चिन्ह लिहितात. पायथॉनच्या सोबत येणाऱ्या री मॉड्यूलला हे देऊन मराठी शब्दावर सोडलं तर मर आणि ठ असे दोन तुकडे हातात येतात, काना आणि वेलांटी गायब, कारण त्याच्या लेखी मात्रा ही अक्षरात धरतच नाहीत. हे नुसतं दिसायला वाईट नाही, यावर शब्दगणना किंवा सर्च इंडेक्स बनवला तर पूर्ण इंडेक्स निरर्थक तुकड्यांनी भरतो आणि कुठे एररही येत नाही, त्यामुळे कित्येक दिवस कळतही नाही. वर सांगितलेलं रीजेक्स पॅकेज हेच काम बरोबर करतं. जावास्क्रिप्टमध्ये तर डब्ल्यू फक्त रोमन अक्षरांपुरता आहे, यू फ्लॅग लावूनही, त्यामुळे तिथे अक्षर आणि मार्क या दोन युनिकोड वर्गांची नावं चौकटी कंसात एकत्र लिहावी लागतात, पी एल आणि पी एम, आणि वर यू फ्लॅग. मार्क हा वर्ग विसरला की परत तेच मर आणि ठ.

आकड्यांचंही असंच. पायथॉनमध्ये इंटला १२३ देवनागरीत दिलं तरी तो आकडा निघतो, आणि उलटी रेघ डी हे देवनागरी अंकांनाही जुळतं. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही होत नाही, नंबर केलं तर नॉट अ नंबर येतं. म्हणजे मोबाइल नंबर तपासायचा फॉर्म पुढे जावास्क्रिप्टमध्ये आणि मागे पायथॉनमध्ये असेल तर एकच इनपुट एकीकडे नापास आणि दुसरीकडे पास होतो. उपाय: आत येतानाच सगळे अंक एका रूपात आणायचे, आणि नंतरच काय ते तपासायचं.

आता ऱ्य. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे, कारण हिंदीसाठी बनवलेल्या कुठल्याही गाइडमध्ये हे सापडणार नाही. शेतकऱ्यांना हा शब्द टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे ऱ, हलंत, य. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. युनिकोडची शिफारस पहिल्या पद्धतीची आहे, दुसरी जुन्या मजकुराशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेली. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. पण पहिला ११ कोडपॉइंटचा आणि दुसरा १२ चा, त्यामुळे एकाचा सर्च दिला तर दुसरा सापडत नाही. आणि लोकांना वाटतं की युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एका रूपात आणणं, त्यातलं एनएफसी वगैरे केलं की हे एक होईल, तर नाही होत. एनएफसी फक्त र अधिक नुक्ता (खालचा टिंब) याचं ऱ करतं, जॉइनरवाल्याला हात लावत नाही.

मग काहीजण काय करतात, न दिसणारी सगळी चिन्हं एकदम काढून टाकायची एक ओळ लिहितात, कुठल्यातरी उत्तरातून उचललेली. हे अजिबात करू नका. जॉइनर काढला की आचार्‍यांना चं आचार्यांना होतं, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांचा पगार थेट गुरुजनांच्या नावे. दर्‍या च्या दर्या होतात. अर्थच बदलतो आणि स्पेलचेकरही पकडत नाही, कारण दोन्ही खरे शब्द आहेत. बरोबर क्रम असा: आधी र, हलंत, जॉइनर हे तीन सलग जिथे असतील तिथे ऱ, हलंत टाकायचं, मग एनएफसी, आणि उरलेल्या जॉइनरांचं काय करायचं ते त्यानंतर ठरवायचं.

याच साफसफाईत अजून काही बदल मी कायम ठेवतो. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं, त्यामुळे त्याआधीचा मजकूर आणि जुने कीबोर्ड अ वर चंद्र देतात, आणि काहीजण हिंदीतला ऍ वापरतात, म्हणून ॲप तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं आणि नॉर्मलायझेशनला हे तीन वेगळेच शब्द वाटतात. तिन्हींचं ॲ करा. काॅलेज मध्ये काना आणि चंद्र सुटे टाइप केलेले असतात, त्यांचं एकत्र ॉ करा, तसंच आॅ चं ऑ. विसर्गाच्या जागी कोलन तर सगळीकडे असतो, दु:ख, नि:शुल्क, तिथे दोन्ही बाजूंना देवनागरी असेल तरच कोलनचा विसर्ग करा, पण तरीही वेळ:सकाळी असं जोडून लिहिलेलं असलं तर तेही बदलेल, त्यामुळे हा एक बदल करून झाल्यावर सगळी यादी डोळ्याखालून घालाच. आणि हे सगळं करताना मूळ मजकूर तसाच ठेवा. माणसाने जे लिहिलं ते एका कॉलममध्ये, साफ केलेलं रूप शोधासाठी दुसऱ्या कॉलममध्ये, आणि सर्चबॉक्समध्ये जे टाइप होईल तेही त्याच फंक्शनमधून काढायचं. एकाच फंक्शनमधून. दोन ठिकाणी दोन वेगळ्या कॉप्या ठेवल्या की काही महिन्यांत त्या वेगळ्या होतात.

फॉन्टमध्ये लिहिलेला जुना मजकूर, म्हणजे युनिकोडच्या आधीचा, जिथे रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असायची, तो वेगळाच प्रकार. त्याला प्रत्येक फॉन्टचा स्वतंत्र कन्व्हर्टर लागतो. तो आधी चालवा आणि मगच ही साफसफाई.

टर्मिनलवरची टूल्स मला मनापासून आवडतात. ग्रेप, सेड, ऑक, सॉर्ट, पन्नास वर्षांच्या आसपासचं हे सामान आजही कित्येक कामं एका ओळीत करतं. मराठीसाठी मात्र पहिलं काम लोकेल, म्हणजे सिस्टिमने कुठली भाषा आणि एन्कोडिंग धरलंय ते, बघायचं. लोकेल अशी कमांड चालवा आणि त्यात यूटीएफ-८ दिसतंय का बघा. डॉकरच्या बऱ्याच इमेजमध्ये ते नसतं, साधं पॉसिक्स असतं, ज्याला रोमनपलीकडची अक्षरं कळत नाहीत, आणि मग तीच स्क्रिप्ट लॅपटॉपवर बरोबर आणि सर्व्हरवर चुकीची चालते. लँग या व्हेरिएबलमध्ये सी.यूटीएफ-८ टाकलं की बरंचसं सुटतं.

मग मोजून बघा. मराठी शब्द इकोने डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडला द्या: सी या पर्यायाने १६ येईल, एम ने ६ येईल. एक जास्त का, तर इको शेवटी नवी ओळ जोडतो.

ग्नूचं टीआर वापरून देवनागरी अंक रोमन करायला जाऊ नका, ते बाइटवर चालतं आणि मजकुराचा चुरा करतं. सेडची वाय कमांड घ्या, पहिल्या भागात ०१२३४५६७८९ आणि दुसऱ्यात रोमन अंक, यूटीएफ-८ लोकेलमध्ये एकदम बरोबर चालते. कट मध्येही सी पर्याय दिला तरी मूळ ग्नू आवृत्ती बाइटच कापते. ऑकचं जरा सांभाळून, कारण ऑक नावाखाली वेगवेगळे प्रोग्राम असतात: गॉक कोडपॉइंट मोजतो, डेबियन-उबुंटूवर बहुतेक आधीपासून असलेला मॉक बाइट मोजत आलाय. लेंथला मराठी शब्द देऊन ५ येतंय की १५ एवढं बघितलं की कळतं. आणि मूळ ऑक, १९७७ चा, त्यात ब्रायन कर्निहॅन यांनी २०२२ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी स्वतः युनिकोडचा सपोर्ट घातला. स्वतः लिहिलेलं टूल इतक्या वर्षांनी परत उघडून जगातल्या बाकीच्या लिप्यांसाठी दुरुस्त करायचं, याबद्दल मला फार आदर आहे.

शोधासाठी रिपग्रेप घ्या. रस्टमध्ये लिहिलेलं आहे आणि त्याचा डब्ल्यू मात्रा, हलंत, जॉइनर सगळ्यांना शब्दात धरतो, त्यामुळे शेतकऱ्यांना दोन्ही रूपात आख्खा सापडतो. शिवाय पी आणि महिरपी कंसात देवनागरी हे लिपीचं नाव लिहिलं की कोडमध्ये कुठेकुठे मराठी मजकूर थेट लिहून ठेवलाय ती यादी मिळते, भाषांतराचं काम सुरू करताना ही यादी सोन्यासारखी. गिटमध्ये मराठी नावाची फाइल असेल तर स्टेटसमध्ये उलट्या रेघा आणि ३४० २४४ असे आकडे दिसतात, म ने सुरू होणाऱ्या नावाला ३४० २४४ २५६, ते अष्टमान पद्धतीतले बाइट आहेत, घाबरू नका. कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग फॉल्स करा की नाव सरळ दिसतं.

फाइल देवाणघेवाण करताना दोन गोष्टी. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं दर वेळी लिहा, विंडोजवर न लिहिता चाललं तर नशीब. जेसन लिहिताना एन्शुअर ॲस्की फॉल्स करा, नाहीतर प्रत्येक अक्षराच्या जागी यू आणि चार आकडे येतात, चालतं ते, पण डोळ्यांनी वाचता येत नाही. आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणाऱ्या माणसाला द्यायची असेल तर यूटीएफ-८-सिग या एन्कोडिंगने लिहा, म्हणजे सुरुवातीला बॉम नावाची न दिसणारी खूण बसते आणि एक्सेलला एन्कोडिंग कळतं. नाहीतर रोमन ए वर तिरकी रेघ आणि पुढे चार टोकांचं चलनाचं चिन्ह अशी जोडी सगळीकडे दिसायला लागते. ती जोडी दिसली तर डेटा गेला असं समजू नका, बाइट शाबूत असतात, फक्त वाचणाऱ्याने एन्कोडिंग चुकीचं धरलंय. त्या अवस्थेत सेव्ह मात्र करू नका.

एडिटर. इथे माझं मत थोडं वेगळं आहे, मराठी वाचायला एक आणि तपासायला एक असे दोन ठेवा.

विम मला कोडसाठी सगळ्यात प्रिय, ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये बाहेर आणलेला, पण टर्मिनलमध्ये चालतो आणि टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या चौकोनांची जाळी. देवनागरी त्या चौकोनांत बसत नाही, क्षत्रिय ला किती चौकोन द्यायचे यावर टर्मिनल आणि विम यांचं एकमत होत नाही आणि मग कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. पण तपासायला विमसारखा नाही: नॉर्मल मोडमध्ये जी आणि ए दाबलं की कर्सरखालच्या अक्षराचे कोडपॉइंट दिसतात, जी आणि ८ दाबलं की बाइट. दोन सारखे दिसणारे शब्द वेगळे का आहेत हे बघायला याहून पटकन काही नाही. डेलकंबाइन हे सेटिंग चालू केलं की एक्सने विम ज्यांना जोडचिन्हं समजतो ती एकेक करून उडवता येतात. अडचण एकच, सिस्टिमचा कीबोर्ड मराठीत असताना एस्केप दाबून डीडी मारलं तर काहीच होत नाही कारण विमला देवनागरी अक्षरं जातात. लँगमॅप या सेटिंगमध्ये कुठलं देवनागरी बटण म्हणजे कुठली कमांड हे एकदा भरून ठेवा.

ईमॅक्समध्ये ही अडचण नाही, त्याच्या पोटातच देवनागरी लिहायची सोय आहे. कंट्रोल आणि उलटी रेघ दाबून देवनागरी-आयट्रान्स किंवा देवनागरी-इनस्क्रिप्ट निवडा, कमांड इंग्रजीत राहतात आणि लिहिणं मराठीत. २७ या आवृत्तीपासून ईमॅक्स हार्फबझ वापरतो, तेच इंजिन जे क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइडमध्ये अक्षरं जुळवतं, त्यामुळे खिडकीवाल्या ईमॅक्समध्ये जोडाक्षरं सुंदर दिसतात. लांब मराठी मजकूर मी इथेच लिहितो.

व्हीएस कोड बहुतेकांकडे असतो, वाचायला चांगला आहे, पण त्यात न दिसणारी चिन्हं दाखवायचं सेटिंग चालू आहे का ते बघा, साध्या टेक्स्ट फाइलसाठी ते वेगळं चालू करावं लागू शकतं. ते चालू असलं की जॉइनर चौकटीत दिसतो. बऱ्याच एडिटरमध्ये बॅकस्पेस एक कोडपॉइंट पुसतो आणि डिलीट आख्खं अक्षर, हे लक्षात आलं की वेलांटी चुकली तर सगळं अक्षर परत लिहावं लागत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच बटणावर शिफ्ट धरलं की ऱ मिळतो, ल च्या बटणावर शिफ्ट धरलं की ळ. टीममध्ये मराठी मजकूर भरणाऱ्या सगळ्यांना हे दाखवा, जॉइनरचा अर्धा त्रास तिथेच थांबतो.

क्रम लावणं. नुसतं सॉर्ट केलं तर कोडपॉइंटप्रमाणे लागतं आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आहे, इस्कीचा तो सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता. त्यामुळे काळ, कासव, काहूर असा क्रम येतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे कासव, काहूर, काळ असं हवं. यासाठी आयसीयू लायब्ररीचे मराठीचे नियम वापरा: जावास्क्रिप्टमध्ये इंटल कोलेटरला मराठीचा कोड एमआर द्या, पायथॉनमध्ये पायआयसीयू, पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून ऑर्डर बायच्या पुढे कोलेट लिहून एमआर-एक्स-आयसीयू. मायएसक्यूएल असेल तर कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आहे ना ते बघा, जुन्या यूटीएफ८ मध्ये ३ बाइटच मावतात, मराठी बसतं आणि मग एखाद्याने नावापुढे इमोजी टाकला की तिथे अडतं. वेबपेजवर भाषा एमआर लिहायला विसरू नका, ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेत तिथे ते त्यामुळेच निवडले जातात.

आणि व्हेरिएबलची नावं मराठीत द्यावीत का? पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट, स्विफ्टमध्ये चालतात, रस्टमध्ये १.५३ पासून, २०२१ मध्ये आलं. गोमध्ये नाव हे नाव चालत नाही, कारण गो आयडेंटिफायरमध्ये फक्त अक्षर आणि अंक घेते आणि काना तिच्या लेखी अक्षर नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ आखलं आणि गोच्या जनकांमध्येही तेच दोघे, तरी हे राहून गेलंय. माझं मत: रोजच्या कोडमध्ये इंग्रजी ठेवा, पण टेस्टच्या नावांत आणि ज्या शब्दांना इंग्रजीत प्रतिशब्दच नाही तिथे मराठी बिनधास्त वापरा. सातबारा, फेरफार, गट नंबर, यांची इंग्रजी भाषांतरं केली की टीममधला प्रत्येकजण वेगळी करतो, आणि रोमनमध्ये लिहिले तर फेरफारचंच स्पेलिंग तीन प्रकारे होतं. देवनागरीत एकच होतं. फक्त पायथॉनमध्ये नावात जॉइनर चालत नाही, तेव्हा तिथेही ऱ वापरा.

कसोटीची फाइल शेवटी प्रोजेक्टच्या टेस्टमध्येच टाका. दोन शेतकऱ्यांना साफसफाईनंतर एकसारखे झाले पाहिजेत, आचाऱ्यांना आणि आचार्यांना वेगळेच राहिले पाहिजेत, तीन ॲप चं एक झालं पाहिजे, काळ शेवटी आला पाहिजे, १२३ चा आकडा निघाला पाहिजे. क्षत्रिय ची अक्षरं किती यावर टेस्ट लिहिलीत तर शेजारी कॉमेंटमध्ये युनिकोडची आवृत्ती लिहा, म्हणजे लायब्ररी अपग्रेड केल्यावर ५ चे ३ झाले आणि टेस्ट पडली तर पुढच्या माणसाला कळेल की कोड नाही, नियम बदललाय, आणि तो आकडा बदलून पुढे जाईल.